साडेतीन सेकंदांची रिंगटोन

प्रयोगशाळेत सगळे तिला 'दशांश' म्हणत. एकदा तिने पाण्याच्या एका अहवालात जंतूंची सरासरी चोवीस पूर्णांक सात दशांश अशी लिहिली होती. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चोवीस समजले. पण हा सात दशांश जंतू कुठून पकडून आणलास?" त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचं वाईट वाटत नसे. त्याआधी कित्येक वर्षं तिथे काम करूनही कुणी तिला कसलंच टोपणनाव दिलं नव्हतं, त्यापेक्षा हे बरं.

ती पाणी तपासायची. विहिरींचं, टाक्यांचं, कारखान्यांचं, शाळांच्या नळांचं. तपासणीच्या खोलीला एका बाजूने काचेची भिंत होती. आत जायचं तर कोट, टोपी, हातमोजे, आणि त्याआधी कोपरापर्यंत हात धुणं. फोन आत न्यायची सक्त मनाई; बोटांवर नसतील इतके जंतू फोनवर असतात. म्हणून दाराबाहेरच्या टेबलावर स्टीलचा एक ट्रे ठेवलेला होता आणि सगळ्यांचे फोन त्यात पडलेले असायचे. वाजला फोन, तर बाहेर यायला सगळे सोपस्कार उलटे करायचे, परत जाताना पुन्हा सुलटे. आठ मिनिटं जात. ती तिने मोजली होती.

त्यामुळे तिथे एक रीत पडली होती. प्रत्येकीने माणसागणिक वेगळी रिंगटोन लावायची, म्हणजे कुणाचा फोन आहे ते आतूनच कळायचं आणि उठायचं की नाही ते ठरवता यायचं. गरजेपोटी सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू करमणूक झाली. नमुने नोंदवून घेणाऱ्या बाईला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण ती सकाळी लागायची ती संध्याकाळीच बंद व्हायची. तिच्या नवऱ्याचा फोन आला की कोंबडा आरवायचा. नणंदेचा आला की ट्रक मागे घेताना वाजतो तसं पीप पीप व्हायचं. "नणंद आली की आपण बाजूला व्हावं, चाकाखाली येऊ नये," असं रेडिओचं म्हणणं. मोठ्या बाईंच्या लेकीच्या नावावर रेफरीची शिट्टी होती.

दशांशच्या फोनवर मात्र सगळ्यांना एकच, फोनबरोबर आलेली कंपनीची टोन. रेडिओ म्हणायची, "तुझा फोन वाजला ना, की वाटतं कुठल्यातरी कचेरीत वाजतोय आणि कारकून जेवायला गेलाय." सगळ्या हसायच्या. तीही हसायची. पण तिला वाटायचं, आपल्यालाही एकदा असं काही सुचावं की सगळ्या आपल्यामुळे हसतील, आपल्याला नव्हे.

तिला एक भाऊ होता, चार वर्षांनी मोठा. फ्रीज, बर्फाची यंत्रं, शीतगृहांच्या मोटारी दुरुस्त करायचा. हात असा की बिघडलेल्या यंत्राला नुसता कान लावून तो काय दुखतंय ते सांगायचा. पण लहानपणापासून बोलताना अडायचा. समोरासमोर कसंबसं निभे. समोरच्याला निदान दिसायचं की हा माणूस शब्दाशी झुंजतोय. फोनवर मात्र पलीकडचा दोनदा "हॅलो, हॅलो" करायचा आणि लाइन खराब आहे म्हणून ठेवून द्यायचा. म्हणून दादाने फोनवर बोलणंच सोडलं होतं. जे काय ते लिहून पाठवायचा. गिऱ्हाइकांनाही, बहिणीलाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या फोनवर त्याचा आवाजी निरोप आला. पहिलाच. तिने डबा बाजूला सरकवला आणि निरोप लावला.

"म… म… म… मी बोलतोय. आज बाईंकडे, त्या बोलणं श-शिकवतात ना, त्यांच्याकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, रोज एका माणसाला फ… फोन करायचा. तुला क-केला तर चालेल?"

एकोणीस सेकंदांचा निरोप होता. पण ते सगळं तिला नंतर ऐकायला मिळालं, कारण पहिल्या तीन-चार सेकंदांतच शेजारी बसलेली रेडिओ घास तोंडात असताना फसकन हसली होती.

"अगं बाई! हे काय आहे? कुठून मिळवलंस?"

तिने घाईने निरोप थांबवला. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "नेटवरून."

हे असं का म्हणाली, ते तिला पुढे कितीदा विचार करूनही सांगता आलं नाही. 'भाऊ आहे माझा' हे तीनच शब्द होते. रेडिओ काही दुष्ट नव्हती. तिथल्या तिथे जीभ चावली असती, दोन वेळा माफी मागितली असती. पण तेवढी ओशाळवाणी दोन मिनिटं टाळायला दशांशने एक शब्द पुढे केला आणि तो खपला.

"मग लाव की रिंगटोन! एकदाची तुझ्या फोनला जीभ तरी फुटेल."

बाकीच्याही पुढे झुकल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे वळले होते, तेही हसू ओठांवर ठेवून. त्या संध्याकाळी घरी तिने ते काम केलं, आणि नेहमीसारखं चोख केलं. सुरुवातीची शांतता उडवली. आवाज थोडा वाढवला. कुठे कापायचं ते चार-पाचदा ऐकून ठरवलं. 'बोलतोय' ठेवलं की ते नुसतं बोलणं वाटायचं, मजा जायची. 'मी'वर कापलं की पुन्हा 'म… म…' सुरू व्हायचं आणि तो माणूस कायमचा तिथेच अडकून राहायचा. साडेतीन सेकंद. तिने ती टोन दादाच्याच नंबरावर लावली. मनाशी म्हणाली, त्याचाच आवाज, त्याचाच नंबर; नावापुढे फोटो लावतो, तसंच हे. दादाला तिने लिहून कळवलं, "जरूर कर. रोज एक वाजता कर."

आणि तो करू लागला. रोज एकला ट्रेमधून "म… म… म… मी, म… म… म… मी" सुरू व्हायचं आणि रेडिओ आरोळी ठोकायची, "आला गं, एकवाला आला!" कुणीतरी बरोबर ताल धरायचं. दशांश हातमोजे काढून, हात धुऊन बाहेर येईपर्यंत दादा पुन्हा पुन्हा लावायचा आणि ते वाजत राहायचं. मग ती फोन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जायची आणि चार मिनिटं भावाशी बोलायची. कसा आहेस, काय जेवलास, आज कुठलं यंत्र. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं सुधारत होतं. पहिल्या आठवड्यात चार मिनिटांत तीन वाक्यं व्हायची, पाचव्या आठवड्यात दहा-बारा.

एकदा त्याने विचारलं, "म-मागे कोण हसतंय?"

"इथल्या बायका रे. त्यांचं आपलं काहीतरी चालूच असतं."

"छान आहे. हसतं ऑफिस."

ती परत येऊन काचेच्या प्लेटवर वाढलेल्या जंतूंचे ठिपके मोजायला बसली, आणि त्या दिवशी एकच प्लेट तिने तीनदा मोजली. मागच्याच वर्षी तिने एका नव्या मुलीला धारेवर धरलं होतं. मुलीने तीन प्लेटांपैकी एक, मनासारखी आली नाही म्हणून, वहीतून वगळली होती. "सोयीचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं फेकायचं, याला तपासणी म्हणत नाहीत," असं दशांश तिला सगळ्यांदेखत म्हणाली होती. ते आठवलं की तिला मानेमागे गरम वाटायचं. उद्या टोन बदलू, असं ती ठरवायची. पण बदलली तर रेडिओ विचारणार, का बदललीस? असे दोन महिने गेले.

मग नमुन्यांचा मोठा फ्रीज बंद पडला. उणे वीसवर राहायचा, तो उणे नऊवर आला आणि घरघरू लागला. आत चार महिन्यांचे नमुने. कंपनीचा माणूस म्हणाला, शुक्रवारपर्यंत येतो. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. "शुक्रवारपर्यंत पाणी होईल सगळ्याचं. कुणाच्या ओळखीचं आहे का कुणी?"

दशांश गप्प राहिली. मग तिला वाटलं, गप्प राहणं हे आता फारच झालं. "एक आहेत," ती म्हणाली. 'आहे' नाही म्हणाली, 'आहेत' म्हणाली.

तिने दादाला लिहून विचारलं. त्याचं उत्तर आलं: चारपर्यंत येतो. चार म्हणजे पुष्कळ वेळ होता. जेवणाच्या सुट्टीत टोन बदलू, असा हिशेब करून तिने फोन ट्रेमध्ये ठेवला आणि आत गेली.

तो साडेबाराला आला. बहिणीचं काम म्हणून हातातलं दुसरं सोडून आला. फाटकावरच्या माणसाने विचारलं, कुणाकडे? दादाने बोलायच्या भानगडीत न पडता तिला फोन लावला. फाटकवाल्याने हत्यारांची पिशवी पाहिली आणि वर जायची खूण केली. दादा फोन कानाला लावूनच जिना चढला.

काचेच्या आत दशांशचे दोन्ही हात तपासणीच्या जंतुविरहित कपाटात होते. समोर उघडी प्लेट, हातात कोमट द्रव भरलेली बाटली. बाहेर ट्रेमध्ये तिचा फोन बोलू लागला. म… म… म… मी. तिने वर पाहिलं. व्हरांड्याच्या दारात दादा उभा होता. एका कानाशी फोन, त्यात नुसती वाजणारी घंटी. दुसऱ्या कानात त्याचा स्वतःचा आवाज.

तो हलला नाही. यंत्राला कान लावताना मान तिरकी करायचा, तशी त्याने केली, आणि ऐकलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा ऐकलं.

"आज लवकर आला एकवाला!" रेडिओ खिदळली. मग दारातल्या माणसाकडे वळून म्हणाली, "घाबरू नका हो, आमचा रोजचा तमाशा आहे हा. त्या आतल्या बाईंची रिंगटोन. भारी आहे की नाही? बोला, काय काम होतं?"

दादाने फोन कानावरून काढून बंद केला. ट्रेमधला आवाज 'म'वरच थांबला.

"फ… फ… फ…" तो म्हणाला.

"वा!" रेडिओने टाळी वाजवली. "एकदा ऐकलंत आणि हुबेहूब!"

दादाने डोळे मिटले. ओठ आवळले गेले, मानेची शीर ताठ झाली. "फ… फ्रीज," तो म्हणाला. रेडिओचा हात आपोआप तोंडावर गेला. तिला कळलं की ही नक्कल नव्हती. तेवढंच कळलं.

नमुने आत द्यायच्या छोट्या खिडकीतून तिने पांढऱ्या चेहऱ्याने विचारलं, "दशांश, कोण गं हे? तू सांगितलेले?"

दशांशला हात बाहेर काढता आले असते. एक प्लेट वाया गेली असती, बस्स. पण तिने प्लेटकडे बघत उत्तर दिलं, जणू प्लेट सोडणं शक्यच नव्हतं.

"हो. फ्रीजवाले आहेत."

दादाने काचेतून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. काम घेताना गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. मग मान हलवली. "हो म-मॅडम," तो म्हणाला, "कुठे आहे?"

दोन तास तो फ्रीजशी होता. फ्रीज तपासणीच्या खोलीबाहेर, काचेला लागूनच. ती आत, तो बाहेर, मध्ये एक बोट जाडीची काच. त्याने मागचं झाकण उघडलं, जळालेला पंखा काढला, पिशवीतून दुसरा काढून बसवला. रेडिओने पाणी आणून ठेवलं, खुर्ची आणून ठेवली, खुर्ची नको असताना स्टूल आणून ठेवलं. तिचं बोलणं पूर्ण बंद होतं. दशांशने मधे एकदा बाहेर येऊन ट्रेमधला फोन घेतला, टोन काढून टाकली, फोन परत ठेवला. दादाची पाठ तिच्याकडे होती.

फ्रीज पुन्हा सुरू झाला. मोठ्या बाई बघायला आल्या. दादा कामाचा कागद भरत होता, तेव्हा रेडिओ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, मला माफ करा. मी मघाशी… मला माहीत नव्हतं हो. आणि ती रिंगटोन म्हणजे नेटवरची आहे कसली तरी. तुम्हाला वाटायचं तुमचीच चेष्टा केली. तसं नाही, देवाशपथ."

"अ-असू दे," दादा म्हणाला. "नेटवर क-काय वाट्टेल ते असतं." आणि तो हसला. बहिणीला वाचवण्यासाठी हसला, हे तिथे एकीलाच कळलं.

तेव्हा दशांशला राहवेना. "नेटवरची नाही," ती म्हणाली. आवाज मोठा आला. "त्याचाच आवाज आहे. त्याने मला पाठवलेला निरोप होता, तो मी कापला. तो माझा भाऊ आहे. सख्खा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. रेडिओ दशांशकडे अशी बघत राहिली, की त्या नजरेपेक्षा एक सणसणीत थोबाडीत बरी. दादाने कागद मोठ्या बाईंपुढे धरला.

"सही," तो म्हणाला. पिशवी उचलली आणि निघाला.

ती जिन्यात त्याच्या मागे धावली. "दादा. दादा, थांब."

तो मधल्या वळणावर थांबला.

"आ-आता कशाला सांगितलंस?"

"खोटं किती वेळ बोलणार होते रे?"

"मी बरा होतो ना त-तिथे. एक अडखळणारा फ्रीजवाला आला, फ्रीज केला, गेला. उद्या व-विसरल्या असत्या. आता त्यांच्यासाठी मी जन्मभर त… त… तो झालो. तुझं मन हलकं झालं. माझं काय?"

तिने कठडा धरला. हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आपण निदान शेवटी खरं बोललो, एवढीच एक गोष्ट ती खाली धावताना हातात घट्ट धरून होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "फार चुकलं. सगळ्या हसल्या, आणि मला—"

"हसण्याचं सोड. लोक ह-हसतात. मी शाळेपासून ऐकतोय. पण मी ते वाक्य पुरं केलं होतं ना? किती वेळ लागला म-मला ते बोलायला, माहितीय? पाच वेळा पुसलं. सहाव्यांदा प-पाठवलं. पण पुरं केलं होतं." त्याने श्वास घेतला. "कुठे कापलंस?"

"साडेतीन सेकंदांवर," ती म्हणाली. "'मी'च्या पुढे."

आकडा तोंडातून गेल्यावर तिला स्वतःची किळस आली. इतकं अचूक उत्तर. दादाने मात्र एखाद्या यंत्राचं दाबमापक वाचल्यासारखी मान डोलावली.

"पूर्ण निरोप आहे माझ्याकडे," ती घाईने म्हणाली. "पुसला नाही मी."

"अ-असू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "फ्रीजचं दार सहा तास उघडू नका." आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी तीनला लिहून आलं: तापमान? तिने लिहिलं: उणे एकोणीस. उत्तर आलं: ठीक. तिने दोनदा फोन करून पाहिला. त्याने उचलला नाही, मागोमाग लिहून पाठवलं: कामात आहे. जुने दिवस परत आले होते, आणि ते तिने आणले होते.

रेडिओ तिच्याशी बोलत नव्हती. चौथ्या दिवशी नमुन्यांच्या बाटल्या खिडकीतून आत सरकवताना मात्र ती थांबली.

"मी हसले ते हसले," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. पण तुला माहीत होतं, आणि तू दोन महिने मला रोज हसू दिलंस. माझ्या तोंडाने हसवून घेतलंस. हे काही माझ्या मनातून जात नाहीये."

दशांशने बाटल्या घेतल्या. या वेळी तिने उत्तर बनवलं नाही.

आठव्या दिवशी एक वाजता फोन वाजला. तिचा नव्हे. नोंदणीच्या टेबलावरचा, प्रयोगशाळेचा. रेडिओने उचलला. "हॅलो, प्रयोगशाळा," ती म्हणाली, आणि गप्प झाली.

ती गप्प आहे हे काचेच्या आत दशांशला दिसलं, आणि तिचा हात थांबला. रेडिओने पुन्हा 'हॅलो' म्हटलं नाही. हातातलं पेन खाली ठेवलं. खुर्चीत नीट बसली. तिचा चेहरा, एखादं म्हातारं माणूस जिना चढून येत असताना आपण वर उभं राहून बघतो, तसा झाला होता. बराच वेळ गेला.

"बोला, दादा," ती शेवटी म्हणाली. "हो, मीच ती. … छान चालू आहे. … नाही, आवाज नाही येत आता. … थांबते मी, सावकाश सांगा."

सहा मिनिटं ते बोलणं चाललं. दशांशने घड्याळ पाहिलं नव्हतं असं नाही. रेडिओने फोन ठेवला तेव्हा दशांश खिडकीशी येऊन उभी होती.

"मला द्यायला सांगितलं का?"

"नाही गं." रेडिओ हे मऊ आवाजात म्हणाली, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. "फ्रीजचं विचारत होते. उद्या परत करतील. रोज एक फोन करायचा असतो म्हणाले, परक्या माणसाला केला तर सराव चांगला होतो."

दुसऱ्या दिवशी तो फोन आला तेव्हा दशांश बाहेरच होती, फ्रीजपाशी. कुणी सांगितलं नव्हतं. रेडिओने फोनवर बराच वेळ ऐकलं, मग तोंड बाजूला करून विचारलं, "किती आहे गं?"

"उणे वीस," ती म्हणाली.

"उणे वीस," रेडिओने फोनमध्ये सांगितलं. ऐकलं. थांबली. "हो, तीच." पुन्हा थांबली, या वेळी फार वेळ, पलीकडे एक शब्द वाटेत अडला होता आणि दोघी तो सुटायची वाट बघत होत्या. "बरं. सांगते."

ती दशांशकडे वळली. "दार नीट दाबून लावत जा म्हणाले. नाहीतर पंखा पुन्हा जाईल."

दार लागलेलंच होतं. दशांशने दोन्ही तळवे टेकवून ते पुन्हा दाबलं.